नाताळची कॅरल : पेटीभोवती वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर लागला की आमच्या गावच्या चर्चमध्ये रोज संध्याकाळी कॅरलची तालीम बसते. कापूस वेचून आलेल्या बाया हातपाय धुऊन येतात, शाळकरी पोट्टे त्याआधीच पेटीभोवती जमलेले असतात, आणि गाण्यापेक्षा प्रश्नच जास्त होतात. अमरावती जिल्ह्यातली आमची मंडळी लहान. निम्म्यांना इंग्रजी कॅरल तोंडपाठ, पण अर्थ विचारला की सगळे एकमेकांकडे बघतात. शेजारचे हिंदू-बौद्ध मित्रही दारात कॅरल ऐकून झाली की काहीबाही विचारतातच. दरवर्षी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं.

कॅरल म्हणजे नेमकं काय? चर्चमधल्या इतर गीतांहून ते वेगळं कसं?

हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या 'कारोल'वरून आला. कारोल म्हणजे हातात हात धरून, गोल फेर घेत म्हणायचं गाणं. एकाने कडवं म्हणायचं, बाकीच्यांनी धृपद उचलायचं. नाताळशी त्याचं मुळात काही नातं नव्हतं. वसंताची, मेजवानीची, कशाचीही कॅरल असत.

हे समजावायला मला भुलाबाई फार उपयोगी पडते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्याकडे पोरी घरोघर जाऊन फेर धरतात, गाणी म्हणतात, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची असते. ती गाणी कोणी लिहिली हे कोणी विचारत नाही. गाव बदललं की शब्द बदलतात, आणि कोणाचं काही बिघडत नाही. इंग्लंड-फ्रान्समधली जुनी कॅरल अशीच होती. उपासनेतलं स्तोत्र देवाला उद्देशून असतं, कॅरल बहुतेक वेळा माणसांना गोष्ट सांगतं : अरे या, बघा, काय झालं ते ऐका. अभंग आणि गवळण यांत जो फरक, साधारण तोच इथेही धरावा.

कॅरल, कॅरोल की नाताळगीत?

काहीही म्हणा. आमच्याकडे 'कॅरल पार्टी' हा शब्द इतका रुजलाय की म्हातारी माणसंसुद्धा 'पार्टी कधी येते?' असंच विचारतात. 'नाताळ' तरी कुठे आपला? तो पोर्तुगीज 'नाताल'वरून आलेला.

गव्हाणीचा देखावा आणि ही गाणी यांचा काही संबंध आहे का?

आहे, आणि चांगला जुना आहे. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीच्या फ्रान्सिसने नाताळच्या रात्री एका गुहेत खरीखुरी गव्हाण मांडली, चारा भरला, बैल आणि गाढव आणून उभं केलं. लॅटिन न कळणाऱ्या गावकऱ्यांना गोष्ट डोळ्यांनी दिसावी एवढाच हेतू. पुढे त्याच्या अनुयायांनी लोकांच्या बोलीत गाणी रचायची प्रथा वाढवली आणि नाताळचं गाणं पाद्र्यांच्या लॅटिनमधून बाजारपेठेत उतरलं.

बैल आणि गाढव लूकच्या शुभवर्तमानात नाहीतच, हे पुष्कळांना माहीत नसतं. तिथे फक्त गव्हाणी आहे, कारण उतारशाळेत जागा नव्हती. जनावरं आली ती जुन्या करारातल्या यशयाच्या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायातल्या एका वचनावरून. आमचा देखावा तुऱ्हाट्यांचा असतो. भिंती तुऱ्हाटीच्या, आत कुटार पसरलेलं, आणि वर कामट्यांना पतंगी कागद चिकटवून केलेली चांदणी. ज्याच्या घरी रोज कोठ्यात गाईला वैरण टाकावी लागते त्या पोराला गव्हाणी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. शहरातल्या पोरांना सांगावं लागतं.

'सायलेंट नाइट'ची खरी गोष्ट काय?

हिच्यावर जरा थांबतो, कारण सर्वांत जास्त प्रश्न हिच्यावरच येतात.

शब्द योझेफ मोर या तरुण पाद्र्याचे. १८१६ साली तो ऑस्ट्रियाच्या डोंगराळ भागात मारियाफार नावाच्या गावी होता, तेव्हा त्याने सहा कडव्यांची कविता लिहिली. ते वर्ष कसलं होतं बघा. नेपोलियनची युद्धं नुकतीच संपलेली, मुलूख ओरबाडलेला. त्यात १८१५ साली इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झालेला, त्याच्या राखेने आकाश झाकोळलं आणि युरोपात १८१६चा उन्हाळा आलाच नाही. पिकं बुडाली, धान्य महागलं. नापिकी म्हणजे काय हे विदर्भाच्या माणसाला कोणी शिकवायला नको. 'सगळं शांत आहे' हे शब्द अशा वर्षी लिहिले गेले, हे कळल्यापासून मला ते गाणं गोडगोड वाटेनासं झालं.

दोन वर्षांनी मोरची बदली साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फला झाली होती. २४ डिसेंबर १८१८ रोजी त्याने ती कविता फ्रान्झ झेवियर ग्रूबर या शिक्षकाला दिली. ग्रूबर शेजारच्या आर्न्सडॉर्फच्या शाळेत शिकवायचा आणि ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. दोन आवाज आणि गिटार यांसाठी चाल हवी होती. ग्रूबरने ती त्याच दिवशी बांधली आणि रात्री दोघांनी गायली. गिटार मोरने वाजवली.

ऑर्गनचा भाता उंदरांनी कुरतडला होता म्हणून गिटार घेतली, हे खरं का?

ती नंतर जोडलेली गोष्ट. ऐकायला छान आहे, पण ग्रूबरने १८५४ साली स्वतः लिहून ठेवलेल्या हकिकतीत उंदीर नाहीत. ती हकिकत त्याला लिहावी लागली, कारण चाल कुणा नामवंत संगीतकाराची असणार असं लोक धरून चालले होते आणि बर्लिनहून चौकशी आली होती. मधल्या काळात एका ऑर्गन दुरुस्त करणाऱ्या कारागिराने गाणं आपल्या तिरोल प्रांतात नेलं. तिथली गाणारी कुटुंबं ते जत्राबाजारांत म्हणत फिरली. त्यातलं एक कुटुंब हातमोजे विकणारं. १८३९ साली गाणं न्यूयॉर्कला पोचलं, १८५९ साली जॉन फ्रीमन यंग यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आला, आणि १९१४च्या नाताळला पहिल्या महायुद्धाच्या खंदकांतून जर्मन सैनिकांनी तेच गाणं म्हटलं. मोरच्या हातचा कागद १९९५ साली सापडला, तेव्हा कविता १८१६ची हे पक्कं झालं. तोवर सगळे १८१८च धरत होते.

उंदरांचं खरं नसलं तरी वाद्य ऐन वेळी दगा देतं हे मात्र शंभर टक्के खरं. तीन-चार वर्षांपूर्वी २४च्या रात्री आम्ही गावाच्या टोकाच्या घरी पोचलो आणि लाईन गेली. कॅसिओ मुका. पेटी चर्चमध्येच राहिलेली. एका पोराजवळ खंजिरी होती, तेवढ्यावर 'सायलेंट नाइट' म्हटलं. अंधारात, शेकोटीच्या उजेडात. घरातली आजी नंतर म्हणाली, 'बापा, हा तं पाळणाच हाय!'

तिचं बरोबर होतं. चाल सहा मात्रांची, सरळ दादऱ्यात बसते, झोका दिल्यासारखी. आपल्याकडे रामनवमीला भर दुपारी आणि गोकुळाष्टमीला मध्यरात्री बाया दोरी ओढत पाळणा म्हणतात. देव जन्मला म्हणून जागं राहायचं आणि लगेच त्याला निजवायचं. 'सायलेंट नाइट'च्या पहिल्या कडव्याचं शेवटचं वाक्यही बाळाला नीज म्हणणारंच आहे.

'अवे इन अ मेंजर' मार्टिन लूथरने आपल्या मुलांसाठी लिहिलं ना?

नाही. ते अमेरिकेत १८८०च्या दशकात छापून आलं आणि लूथरचं नाव त्याला तिथेच चिकटलं. जर्मनीत त्याचा मागमूस नाही. त्यात बाळ येशू रडत नाही असं एक वाक्य आहे. आमच्या मंडळीतल्या एक सुईणबाई दरवर्षी त्या ओळीला हसतात. न रडणारं लेकरू त्यांनी अजून पाहिलेलं नाही म्हणे.

'जॉय टू द वर्ल्ड' नाताळचं गाणं नाही, असं कोणीतरी सांगितलं. मग आपण ते का म्हणतो?

सांगणाऱ्याचं खरं आहे. आयझॅक वॉट्स यांनी १७१९ साली बायबलातल्या स्तोत्रसंहितेतली स्तोत्रं नव्या काव्यात आणली, त्यातलं हे ९८व्या स्तोत्रावरचं. त्यात ना गव्हाणी, ना मेंढपाळ, ना बेथलेहेम. राजा येतोय, नद्या-डोंगर-शेतं आनंदाने गातायत, एवढंच. ख्रिस्ताच्या जन्मापेक्षा त्याच्या राज्याविषयी ते जास्त बोलतं. आज म्हणतो ती चाल शंभरहून अधिक वर्षांनी अमेरिकेतल्या लोवेल मेसन यांनी १८३०च्या दशकात बसवली.

आता ही चाल पेटीवर काढून बघा. पहिल्या ओळीला काळी-पांढरी शोधत बसायला नको : सां नि ध प म ग रे सा. बिलावलचा आख्खा अवरोह, एकही सूर न गाळता. पेटी शिकणाऱ्या पोराला मी पहिलं हेच देतो. आठ सुरांत वरून खाली उतरला की गाणं सुरू झालंच.

'हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग'ची चाल छापखान्यासाठी होती म्हणतात?

हो, हे मला सर्वांत मजेशीर वाटतं. चार्ल्स वेस्ली यांनी १७३९ साली शब्द लिहिले, पण पहिली ओळ वेगळी होती. तिच्यात आकाशाला एक जुनाट इंग्रजी शब्द होता. १७५३ साली जॉर्ज व्हाइटफील्ड यांनी ती बदलून देवदूत घातले. चाल पुष्कळ उशिरा आली. मेंडेल्सोन या जर्मन संगीतकाराने १८४० साली गुटेनबर्गच्या मुद्रणकलेच्या सोहळ्यासाठी एक समूहगान रचलं होतं. ही चाल दुसऱ्या शब्दांना चालेल, पण धार्मिक शब्दांना मुळीच नाही, असं त्याने प्रकाशकाला कळवलंही होतं. त्याच्या मृत्यूनंतर १८५५ साली विल्यम कमिंग्ज या इंग्रज ऑर्गनवादकाने नेमकं तेच केलं.

म्हणजे शब्द एकाचे, दुरुस्ती दुसऱ्याची, चाल तिसऱ्याची, आणि जोडणारा चौथाच.

'जिंगल बेल्स' कॅरल आहे का? चर्चमध्ये म्हणायचं की नाही?

त्यात ख्रिस्त नाही, नाताळ नाही, प्रार्थना नाही. जेम्स लॉर्ड पिअरपाँट यांनी १८५७ साली बोस्टनमध्ये ते छापलं तेव्हा त्याचं नाव 'वन हॉर्स ओपन स्ले' असं होतं.

'दादा, हे स्ले म्हंजे काय हो?' हा प्रश्न दरवर्षी येतो. बर्फावरून घसरत जाणारी, चाकं नसलेली घोडागाडी. बर्फात टापांचा आवाज येत नाही, म्हणून समोरच्याला कळावं यासाठी घोड्याच्या गळ्यात घुंगूरमाळ. पोरगं पोरीला बसवून गाडी पळवतं, गाडी कलंडते, दोघं बर्फात. पुढच्या एका कडव्यात तर चांगलं वेगवान जनावर कसं निवडावं याचा सल्ला आहे. आमच्याकडची पोरं लगेच ओळखतात : 'म्हंजे शंकरपट!' शंकरपट म्हणजे आपल्याकडची बैलांची शर्यत. अगदी तेच. शंकरपटाच्या हौशी माणसाने लिहिलेलं गाणं आपण दारोदार नाताळ म्हणून म्हणतो. १९६५च्या डिसेंबरात जेमिनी-६ यानातल्या अंतराळवीरांनी माउथऑर्गन आणि घुंगरं वाजवून ते अवकाशातूनही ऐकवलं.

उपासनेत आम्ही ते म्हणत नाही. रस्त्यावर म्हणतो, आणि लहान पोरांना दुसरं काही म्हणायचंच नसतं.

तीन राजे होते का?

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात 'मागी लोक', म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, आहेत. किती, ते लिहिलेलं नाही. राजे होते असंही नाही. भेटी तीन, सोनं, ऊद आणि गंधरस, म्हणून माणसंही तीन धरली गेली आणि पुढे त्यांना नावंही मिळाली. 'वी थ्री किंग्ज' हे गाणं जॉन हेन्री हॉपकिन्स (ज्युनियर) यांनी १८५७ साली न्यूयॉर्कमधल्या नाताळच्या नाटुकल्यासाठी लिहिलं. प्रत्येक राजाला एकेक कडवं, म्हणून तीन मुलांत वाटून द्यायला सोपं. गंधरसाचं कडवं मात्र मुद्दाम समजावून सांगा. तो प्रेताला लावायचा सुगंधी पदार्थ होता; बारशालाच मरणाची भेट आणल्यासारखं ते आहे.

उंट कुठून आणायचे हा प्रश्न आमच्याकडे येत नाही. पिकं निघाली की मेंढ्या आणि उंट घेऊन रबारी फिरत येतात, ते पोरांनी पाहिलेले असतात. मेंढपाळ रात्री रानात का होते हेही विचारत नाहीत, कारण शेतात मेंढ्या बसवणाऱ्या धनगरांची पालं इथे डिसेंबरातच दिसतात.

बेथलेहेममध्ये बर्फ पडतो का? मग गाण्यांत एवढा बर्फ का?

कधीमधी पडतो, पण गाण्यांतला बर्फ तिथला नाही, इंग्लंडचा आहे. बेथलेहेम समुद्रसपाटीपासून पावणेआठशे मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या चिखलदऱ्याहून बरंच खाली. आपण म्हणतो त्यातली पुष्कळ कॅरल एकोणिसाव्या शतकात लिहिली वा जुळवली गेली, आणि लिहिणाऱ्यांनी आपल्या खिडकीतून दिसला तो हिवाळा घातला. क्रिस्टिना रोझेटी यांच्या १८७२च्या कवितेत जमीन लोखंडासारखी आणि पाणी दगडासारखं झालंय. याउलट 'ओ लिटिल टाउन ऑफ बेथलेहेम' लिहिणारे फिलिप्स ब्रुक्स १८६५ साली स्वतः बेथलेहेमला गेले होते. १८६८च्या त्यांच्या गाण्यात बर्फ नाही, अंधाऱ्या गल्ल्या आणि चांदण्या आहेत.

आमच्या देखाव्यावर बर्फ म्हणून कापूस टाकतात. शहरातल्यासारखा पट्टीचा नाही, शेतातलाच, सरकीसकट. भाव पडलेला असला की कोणीतरी म्हणतंच, 'टाका बाप्पा, यंदा इथंच बरा दिसते.'

इंग्रजांनी स्वतःच नाताळ बंद केला होता का?

केला होता. प्युरिटन लोकांच्या हाती संसद असताना १६४७ साली नाताळ साजरा करण्यावर बंदी आली; १६६०ला राजा परतल्यावर ती गेली. त्यांचं म्हणणं, बायबलात हा सण नाही आणि लोक दारू पिऊन धुडगूस घालतात. दुसरं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. १७०० साली 'व्हाइल शेफर्ड्स वॉच्ड' या नेहम टेट यांच्या गीताला इंग्लंडच्या चर्चने मान्यता दिली आणि पुढे बराच काळ उपासनेत नाताळचं म्हणून तेवढंच चाले. बाकीची कॅरल खेड्यांत, गुत्त्यांत आणि शेतकऱ्यांच्या तोंडी जगली.

बारा दिवसांच्या भेटींच्या गाण्यात गुप्त धर्मशिक्षण दडलंय, हे फॉरवर्ड खरं आहे का?

त्याला कसलाही जुना पुरावा नाही. ते इंग्लंडमध्ये १७८०च्या सुमारास मुलांच्या पुस्तकात आलेलं, मागचं सगळं न चुकता म्हणत पुढचं जोडायचं, असं पाठांतराचं गाणं आहे. चुकला त्याला दंड. फॉरवर्ड पुढे पाठवू नका.

मराठीत आपली स्वतःची नाताळगीतं आहेत का, की सगळी भाषांतरं?

दोन्ही आहेत. ख्रिस्तजन्म मराठीत गाण्याची परंपरा 'सायलेंट नाइट'हून दोनशे वर्षं जुनी आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्याला आले आणि १६१६ साली त्यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. सगळं ओवीत. म्हणजे ज्या छंदात दळताना बाया गात, त्यातच मरिया आणि बाळ येशू आले.

दुसरं नाव रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं. ते मूळ कोकणातले, पण त्यांच्या आयुष्याला वळण लागलं ते आपल्या बाजूला. नागपुरात अप्पासाहेब बुटींकडे ते काही काळ होते, आणि १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती झालं म्हणून अभंग, ओवी, कीर्तन का सोडायचं, हा त्यांचा हट्ट, आणि त्यामुळेच 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक उघडलं की आपल्याला परकं वाटत नाही. त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं, ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

इंग्रजी चालीवर मराठी शब्द बसवताना अडखळायला का होतं?

इंग्रजी गाणं आघातावर चालतं, मराठी मात्रांवर. इंग्रजी चालीत पहिलाच सूर बहुधा लांबलचक असतो. तिथे 'तारा' आला तर 'ताऽऽ' सुखाने ताणता येतं. 'प्रभु' आला की 'प्रऽऽभु' होतं आणि ऐकणाऱ्याला हसू येतं. मागच्या साली आम्ही एका ओळीत 'प्रभु'च्या जागी 'येशू' घातला आणि अडकलेली बैलगाडी निघावी तसं कडवं निघालं. भाषांतर करणाऱ्यांनी आधी चाल गुणगुणावी, लांब सूर कुठे ते बघावं, मग शब्द शोधावेत. उलटं केलं की फसतं.

ढोलक-खंजिरी लावून मूळ गाणी बिघडवता, अशी तक्रार येते. तुमचं काय म्हणणं?

कुठलं मूळ? छापखान्याच्या सोहळ्याची चाल, नंतर बदललेली पहिली ओळ, शंकरपटाचं गाणं, १५८२ साली छापलेल्या वसंतगीताच्या चालीवर १८५३ साली राजा वेन्सेस्लॉसची गोष्ट घातलेली. यातलं एकही गाणं जन्मलं तसं आपल्यापर्यंत आलेलं नाही, ज्याच्या हाती पडलं त्याने आपल्या घरचं वाद्य लावलं. 'सायलेंट नाइट'सुद्धा गिटारवरच जन्मलं, आणि त्या काळी चर्चच्या उपासनेत गिटार काही मानाची नव्हती. तुकडोजी महाराजांच्या जिल्ह्यात खंजिरी वाजली तर त्यात नवल ते काय? सुरात मात्र वाजवा. ढोलकवाल्याने पाळण्याला लग्नाच्या वरातीचा ठेका धरला तर तक्रार मीही करीन.

आमच्या घरी कॅरल पार्टी येणार आहे. आम्ही ख्रिस्ती नाही. काय तयारी करायची?

काही नाही. अंगणात दिवा लावून ठेवा, कुत्रं बांधून ठेवा. कोऱ्या चहावरही आम्ही खूश असतो. इंग्लंडमध्ये गाणारे दारात येऊन यजमानाला आरोग्य चिंतायचे आणि त्याच्याकडून गरम पेय घ्यायचे. त्यालाच वासेल म्हणत, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थच 'सुखरूप राहा' असा. आमच्याकडे शेवटच्या घरी हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी मिळाली की पार्टी लवकर हलत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा.

'ओ कम ऑल यी फेथफुल'चं शेवटचं कडवं तुम्ही का गाळता?

गाळत नाही, राखून ठेवतो. मूळ गाणं लॅटिन, अठराव्या शतकाच्या मध्यावर जॉन फ्रान्सिस वेड यांच्या हस्तलिखितांतून पुढे आलेलं. इंग्रजी रूप फ्रेडरिक ओकली यांचं, १८४१चं. शेवटच्या कडव्यात 'आज सकाळी जन्मलेल्या' प्रभूला नमस्कार आहे. आज म्हणजे २५ तारीख, म्हणून रिवाजाने ते त्याच दिवशी म्हणायचं. आमची पार्टी २४ला रात्री फिरते, बाराच्या आत चर्चपाशी परतते. घंटा झाली की पेटीवाला नुसतं मान हलवून खुणावतो आणि ते कडवं उघडतं. पोरं दिवसभर त्याचीच वाट बघत असतात. दोन-तीन जणांना तोवर झोप लागलेली असते, त्यांना हलवून उठवावं लागतं.